चारी बाजूंना पत्ता

'कार्ड आहे ना माझं' हे चार शब्द मला आता ऐकवत नाहीत. वापीजवळच्या आमच्या सामरवरणीच्या सोसायटीत पोरं परदेशात असलेली तीन-चार घरं आहेत, आणि सगळीकडे हेच ऐकू येतं. फ्रिज बिघडला, कार्ड आहे ना माझं. बापाचा मोतीबिंदू, कार्ड आहे ना माझं. या बायांनी पोरं जन्माला घातली की बँका, हे एकदा विचारायला हवं.

पण मी सांगणार आहे ते रमाकांतकाकांचं. त्यांचं दार माझ्या दारासमोर. काका मूळचे चिपळूणकडचे. इथं कारखान्यांना करमाफी होती त्या काळात धाग्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागले आणि त्याच टेबलावरून निवृत्त झाले. माल खोक्यांत भरायचा, खोक्यांवर पत्ते घालायचे, ट्रक रवाना करायचा आणि समोरच्याकडून माल मिळाल्याची पोच मागवायची, एवढं काम. पण माणसानं ते अंगात भिनवून घेतलं होतं. खोक्याच्या चारी बाजूंना पत्ता लिहायचा, ही त्यांची पद्धत. काळा जाड मार्कर, मोठी अक्षरं. "खोकं कसंही आपटलं तरी पत्ता दिसलाच पाहिजे," म्हणायचे. निवृत्तीनंतर मार्कर घरी आला आणि पिठाच्या डब्यांपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळ्यावर फिरला.

आणि पोच! त्या पोचेनं मला वीट आणला होता. त्यांनी आंबोळ्या पाठवल्या की पाच मिनिटांत मोबाइलवर प्रश्न, 'पोचल्या का?' मी उत्तर दिलं नाही तर दारावर टकटक. मी शाळेत भूगोल शिकवते. दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला असतो, त्यात घरी येऊन आंबोळ्यांची पोच द्यायची. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, आंबोळ्या समोरच्या दारातच आल्यात, नागपूरला नाही गेल्या." तर म्हणाले, "माल पाठवला म्हणजे काम झालं नाही गो. पोच आली म्हणजे झालं."

उषाकाकू याच्या अगदी उलट. कशाची चौकशी नाही, कशाची घाई नाही. त्यांनीही त्याच कारखान्यात काही वर्षं काढली, पण मशिनांच्या हॉलमध्ये. त्या धाग्याच्या मशिनांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. कानात कापसाचे बोळे घालून बायका पाळी काढायच्या. स्वप्नीलच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी काकू तिथं लागल्या, फी संपली तेव्हा बाहेर पडल्या. कान मात्र तिथंच राहिले. पुढं पुढं इतकं कमी ऐकू येऊ लागलं की आम्ही त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडायचो.

स्वप्नील म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. काकांचा आवाज मुळात बारीक, त्यामुळं काकूंच्या कानात ओरडायचं काम माझ्याकडे. तो तिकडून बोलणार, मी इकडं ओरडून सांगणार. "तो म्हणतो, थंडी खूप आहे!" "तो म्हणतो, गोळ्या घेतेस ना!" काकू मान डोलवायच्या. माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या, फोनकडे नाही. एकदा म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा त्याचा आवाज माझ्या कानानं ऐकायचाय. मध्ये कुणी नको. तू सुद्धा नको."

दर दिवाळीला कॅनडाला फराळ जायचा. गेल्या दिवाळीला काकूंचं मनगट दुखत होतं म्हणून चकलीचा सोऱ्या मी फिरवला. कुरिअरवाल्याची शेवटची तारीख तोंडावर आलेली, काका दर अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात डोकावत होते. शेवटी काकूंनी आच मोठी केली. चकल्या बाहेरून लाल झाल्या, आतून कच्च्या राहिल्या. गार झाल्यावर एक मोडून बघितली तर मोडेचना, चामड्यासारखी ओढली गेली. "वातड झाल्यात," काकू रडवेल्या झाल्या. "पुन्हा करते." काका म्हणाले, "तारीख जाईल." शेवटी तशाच भरल्या. खोक्याच्या चारी बाजूंना काकांनी पत्ता घातला, न बघता, पाठ. घराचा नंबर, रस्ता, शहर आणि तिकडचा तो अक्षरं-आकडे मिसळलेला पिनकोड. कुरिअरचा गुजराती पोरगा हसला, एकच पुरे म्हणून, "अंकल, चारों बाजू एड्रेस कोन लिखता है? एक बस छे ने." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं वजन केलं.

दिवाळी संपल्यावरच्या रविवारी काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "खोकं पोचलं का?" स्वप्नील नेहमीप्रमाणं गाडीत बसून बोलत होता. "पोचलं, बाबा. आईला सांगा, चकली एकदम खुसखुशीत. पोरांनी दोन दिवसांत डबा फस्त केला." मी ते काकूंच्या कानात ओरडून सांगितलं. खुसखुशीत! मला हसू आलं, पण खरं सांगते, त्या दिवशी मला तो पोरगा आवडला. वातड चकली चावून जबडा दुखला असेल, तरी आईचं मन राखतोय, असं वाटलं. काकू माझ्याकडे बघून हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला. काका पोच मिळाली म्हणून खुश.

मग यंदा फेब्रुवारीत कानाच्या मशीनचं निघालं. वापीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मशीन लावलं तर फोनवरचं स्वच्छ ऐकू येईल. काकूंना किती आनंद झाला ते काय सांगू. भेटेल त्याला "आता मला स्वप्नीलचा आवाज ऐकू येणार" म्हणून सांगत सुटल्या, भाजीवाल्या सरुबाईंनाही दोनदा सांगितलं. काकांनी पोराला कळवलं. त्यावर पोराचं उत्तर, "तिकडचं नका घेऊ, बाबा. मी इथल्या कंपनीची लिंक पाठवतो. तुम्हीच मागवा, कार्ड आहे ना माझं." तू मागव ना मग, मी मनात म्हटलं. पण साहेबांना आईच्या कानाच्या रिपोर्टातले आकडे भरायला वेळ नव्हता, मीटिंगा होत्या. त्यानं कार्डाचे दोन फोटो पाठवले, पुढून आणि मागून. सोबत एक ओळही नाही. आई बहिरी झाली आणि पोरानं प्लास्टिकचे दोन फोटो पाठवले. काकूंनी ते फोटो मोठे करकरून बघितले, त्यावर पोराचं नाव उमटलेलं होतं म्हणून.

रविवारी दुपारनंतर मी माझा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसले. सुरतेकडे दारूबंदी, म्हणून शनिवार-रविवार तिकडच्या गाड्या आमच्या रस्त्यावर प्यायला येतात, त्यांचे हॉर्न चालू. त्यात ती कंपनीची साइट. आम्ही केंद्रशासित, राज्यांच्या यादीत कुठं आहोत ते सापडेचना. शेवटी दमणच्या शेपटाला चिकटवलेले सापडलो. मग पत्त्याचे दोन रकाने आले. मी म्हटलं पत्ता तो पत्ता, दोन्हीकडे सामरवरणी घातलं. कार्डाचा नंबर टाकला, बटण दाबलं. नापास. खाली लाल अक्षरांत आलं, कार्डाचा पत्ता जुळत नाही.

"थांब गो," काका पुढे सरकले. "माल घेणारा एक आणि बिल दुसऱ्याच्या नावावर. आमच्याकडे हे रोजचं होतं. वरचा पत्ता मशीन कुठं पाठवायचं त्याचा, खालचा कार्डाचं बिल ज्या घरी जातं त्याचा. बँक ताडून बघत असणार, कार्ड चोराच्या हातात तर नाही ना म्हणून. खाली स्वप्नीलचा पत्ता घाल." आणि त्यांनी तो पाठ म्हणून दाखवला. म्हणताना मान जरा ताठ झाली होती. मी टाइप केला. पुन्हा लाल अक्षरं. पत्ता जुळत नाही.

"काका, पत्ता चुकतोय तुमचा," मी म्हटलं.

ते उभे राहिले. "वैशाली, माझा पत्ता आजवर चुकलेला नाही."

मार्कर आणला, वर्तमानपत्राच्या मोकळ्या कडेला पत्ता लिहिला, एकेक अक्षर सुटं. मी एकेक अक्षर बघून घातलं. काकू सोफ्यावरून आमच्याकडे बघत होत्या. "झालं का गो?" मी अंगठा दाखवला, होतंय म्हणून. बटण दाबलं. तीच लाल अक्षरं, आणि खाली आणखी एक सूचना, आता पुन्हा चुकलं तर कार्ड बंद पडेल.

मग मी स्वप्नीललाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडं सकाळ. साहेब गाडीतच.

"वैशालीताई, कुठला पत्ता टाकलात?"

मी वाचून दाखवला.

"अरे, तो जुना! तिथं नाही आम्ही आता. घर घेतलं ना आपण. बाबांना सांगितलं होतं मी... नव्हतं का सांगितलं?"

काका वर्तमानपत्रावरचा पत्ता पुन्हा वाचत होते. मी विचारलं, "कधी घेतलं?"

"झालं ना, मागच्या मे महिन्यात. म्हटलं सांगितलं की वास्तुशांतीला यायचं काढतील. मग व्हिसा, तिकिटं, आईच्या कानांचं असं. इथं कोण बघणार? म्हटलं सगळं निवांत झालं की सांगू. कार्डावर नवा पत्ता आहे. लिहून घ्या."

मे महिना. आणि दिवाळी ऑक्टोबरात. मी मुलांना ऋतू शिकवते, मला महिन्यांचा क्रम कुणी समजावून सांगायला नको. चारी बाजूंना पत्ता घातलेलं ते खोकं कुठल्या तरी परक्याच्या दारात पडलं असेल, किंवा कचऱ्यात गेलं असेल. आणि हा गाडीत बसून म्हणाला होता, एकदम खुसखुशीत. आईचं मन राखायला नव्हे. वातड चकली त्यानं चावलीच नव्हती. खोकं आलं नाही हे सांगायचं तर पत्ता बदलला हे सांगावं लागलं असतं, म्हणून खुसखुशीत. आणि ते खोटं मी माझ्या बसलेल्या घशानं त्या बाईच्या कानात ओरडले होते! मला शिसारी आली. त्याची आलीच, पण माझ्या तोंडाचीही आली. उठून चूळ भरावी असं वाटलं.

स्वप्नील नवा पत्ता सांगत होता. घराचा नंबर, रस्ता, सावकाश, एकेक अक्षर. काकांच्या हातात मार्कर होता, टोपण काढलेला. त्यांनी लिहिला नाही. "आवाज तुटतोय रे," म्हणाले आणि फोन बंद केला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

हे सगळं काकूंच्या समोर, त्याच खोलीत. त्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणतो गो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणून नुसती मान हलवली. मी उठले, काकूंच्या कानाशी गेले आणि ओरडले, "तो म्हणतो, बँकेचं मशीन बंद आहे!" सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असेल.

काका मला दारापर्यंत सोडायला आले. मी तोंड सोडलंच. तुमच्या पोराला जोड्यानं मारलं पाहिजे, आईचे कान त्याच्या फीपायी गेले, घर काय लपवून ठेवायची वस्तू आहे का, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोच दिलीन त्यानं. माल न बघता पोच दिलीन." दाराची कडी धरून म्हणाले, "कारखान्यात व्यापारी लबाड असायचे, पैसे बुडवायचे. पण न मिळालेल्या मालाची पोच कुणी दिली नव्हती." आणि मग, "तिला सांगू नको. तेवढ्या एका वाक्यावर ती हिवाळाभर खुश होती."

मशीन आणलंच. वापीच्याच डॉक्टरांकडून, काकांची मुदत ठेव मोडून. ज्या कार्डावर आपल्याला ठाऊक नसलेला पत्ता आहे त्याचे पैसे नकोत, एवढंच ते म्हणाले. पोराला 'इथलं घेतलं' असा निरोप पाठवला. त्यावर त्याचा अंगठा आला. अंगठा! त्या अंगठ्यानंही माझं डोकं फिरलं.

मशीन घालून काकू घरी आल्या त्या दिवशी कुकरच्या शिट्टीला दचकल्या. नळाचं पाणी, माझ्या चपला, खालच्या मजल्यावरचं भांडण, सगळं ऐकत बसल्या. काकांना म्हणाल्या, "तुमचा आवाज म्हातारा झाला हो." रविवारची वाट बघत होत्या. मी मात्र घाबरले होते. आता मध्ये कुणी नाही. त्या फराळाचं विचारणार, आणि तो काय बोलेल ते थेट त्यांच्या कानात जाणार. मी काकांना म्हटलं, त्याला आधी ताकीद द्या. ते म्हणाले, "आईशी काय बोलावं याची ताकीद मी देऊ?"

रविवारी मी गेले. जायची गरज नव्हती, तरी गेले. फोन वाजला, काकूंनी स्वतः उचलला, दोन्ही हातांनी धरला.

"आई, ऐकू येतंय का?"

काकूंचे डोळे भरून आले. "येतंय रे. बोल. नुसता बोलत राहा." तो बोलला. थंडी, ऑफिस, पोरांची शाळा. त्या एकेका शब्दाला मान डोलवत होत्या. मला क्षणभर वाटलं, निभावलं. मग त्यांनी विचारलं, "स्वप्नील, दिवाळीच्या चकल्या कशा झाल्या होत्या रे? खरं सांग."

"एकदम खुसखुशीत, आई. सांगितलं ना मी. पोरांनी दोन दिवसांत डबा फस्त केला."

काकूंनी फोनवरचा एक हात सोडला. मग "बरं" म्हणाल्या, गोळ्या घेते म्हणाल्या, पोरांना जप म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"वातड होत्या त्या," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तू सोऱ्या फिरवलास, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तू माझ्या कानात ओरडलीस, खुसखुशीत म्हणून, तेव्हा मला वाटलं तू रचून सांगतेस. तो वातड म्हणाला असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून ही पोरगी खुसखुशीत सांगतेय. इतके महिने मी तेच धरून होते. म्हटलं, समोरच्या दारातली, ना नात्याची ना गोत्याची, पण माझ्यासाठी खोटं बोलते." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तर ते त्याचंच होतं. तसल्या चकल्या कुठली पोरं दोन दिवसांत संपवतात?"

 

मग त्यांनी काकांना विचारलं, "खोकं पोचलंच नाही ना हो?"

काका जमिनीकडे बघत होते. "पत्ता चुकला माझा," ते म्हणाले. "पिनकोडातला एक आकडा चुकीचा घातला मी. चारी बाजूंना."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. निवृत्तीपासून रोज या माणसाचा मार्कर पिठाच्या डब्यांवर बघितलेली बाई. "तुमचा?" एवढंच म्हणाल्या. मग कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि चहा टाकायला उठल्या.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी तिथंच होते. मशीन डबीत होतं. काकूंनी फोन उचलला, कानाला लावलाच नाही, तसाच माझ्या हातात दिला.

"तूच सांग मला, काय म्हणतो ते," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून ऐकायला बरं वाटतं."